बिनऔषधाची तीस अंडी

अंबिकाबाई पाठकांनी जन्मात अंडं चाखलं नव्हतं. पण एकोणीसशे एक्याऐंशी सालापर्यंत त्यांच्या हातांखालून जेवढी अंडी गेली होती, तेवढी औरंगाबादेतल्या कुठल्या बेकरीवाल्याच्याही गेली नसतील. नशिबाला विनोद सुचतो तो असा. माहेर देशस्थ, सासर भिक्षुकाचं, आणि नोकरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोंबडीची अंडी दिव्यावर धरून बघण्याची. नवरा, मधुसूदनराव, त्याच कॉलेजात कारकून होते. ते गेले आणि त्यांच्या माघारी बाईंना जी जागा मिळाली ती ही. तेव्हा बाई चोवीस वर्षांच्या होत्या. आता सत्तेचाळीसच्या.

उस्मानपुऱ्यात यमुनाबाई नावाच्या म्हाताऱ्या मालकिणीची मागची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. यमुनाबाईंचा दंडक असा, की अंड्यांवरून आलेल्या बाईने पुढच्या दाराने यायचं नाही. मागच्या मोरीत अंगावर पाणी घ्यायचं आणि मगच खोलीत शिरायचं. पौषातल्या थंडीतही त्यात सूट नव्हती. अंबिकाबाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण तक्रार करायलाही समोर कुणीतरी लागतं. संध्याकाळी मूठभर भात शिजवायचा, रेडिओवरच्या बातम्या ऐकत तो खायचा आणि बातम्या संपल्या की घरातलं बोलणं संपलं. एखाद्या रविवारी त्यांच्या लक्षात यायचं, की काल दुपारपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. मग त्या उगीचच मोठ्याने म्हणायच्या, "पाणी तापलं वाटतं."

प्रयोगशाळेचे प्रमुख श्रीनिवास सर. माणूस सरळ, कामाला वाघ, पण एका गवतापायी वेडा झालेला. आपल्याकडे माळावर आणि डोंगरउतारावर तिखाडी उगवते. तिची पात चोळली की गुलाबासारखा वास येतो. भट्टीवर तिचं तेल काढतात. ते अत्तरवाल्यांकडे जातं, आणि गुडघे धरले की म्हातारी माणसं तेच चोळतात. सरांचं म्हणणं, या तेलात विषाणू मारायची ताकद आहे. कोंबड्यांना मानमोडी होते. संध्याकाळी दाणे टिपणारी धडधाकट कोंबडी सकाळी मान पिळवटून पडलेली असते. तिच्यावर लस आहे, पण एकदा रोग शिरला की औषध नाही. ते औषध तिखाडीतून निघेल, आणि कोंबडीचं निघालं तर पुढेमागे माणसाच्या फ्लूचंही निघेल, असं सरांना वाटायचं. वाटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून तर अंडी.

रीत तशी साधी. विषाणू वाढायला जिवंत शरीर लागतं. ते शरीर म्हणजे दहा दिवस उबवलेलं, आत पिल्लू धरलेलं अंडं. कवचाला टाचणीएवढं भोक पाडायचं, सुईने रोग टोचायचा. मग निम्म्या अंड्यांना पाण्यात फेटलेलं तिखाडीचं तेल टोचायचं, उरलेल्या निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि भोकं मेणाने बुजवायची. ही मिठाच्या पाण्याची, बिनऔषधाची अंडी मरणार हे आधीच ठरलेलं. ती मेली तरच तेलवाली जगली या म्हणण्याला अर्थ. रोज एकेक अंडं अंधाऱ्या खोलीत, बल्ब लावलेल्या खोक्याच्या भोकावर धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसतं आणि मध्ये एक काळा ठिपका हलतो. ठिपका थांबला, शिरा विरल्या, की वहीत फुली. हे बघणं आणि टोचणं दोन्ही बाईंकडे होतं. सरांचा हात कापायचा, बाईंचा नाही.

पावसाळ्यात वीस अंड्यांवर एक लहान प्रयोग झाला. बिनऔषधाची दहाच्या दहा मेली, तेलाची सहा जगली. सर त्या दिवशी लहान पोरासारखे हसले आणि त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. पण वीस अंड्यांवर कोण विश्वास ठेवणार? मोठा प्रयोग हवा होता, साठ अंड्यांचा, आणि तो मार्चच्या आत, कारण मार्चमध्ये सरकारी अनुदान संपत होतं. तो जमला तर तेलाचं पुढे काहीतरी होणार होतं. नाही जमला तर सरांची सहा वर्षं कपाटात जाणार होती.

अंडी यायची पाचोडच्या सरूबाईकडून. पाचोडला तिची चाळीसेक गावरान कोंबड्यांची जत्रा होती. गव्हाच्या भुशात अंडी निगुतीने रचून, टोपली मांडीवर धरून ती दर मंगळवारी एसटीने यायची. सरांची तिला एकच अट होती: कोंबड्यांना मानमोडीची लस टोचायची नाही. लस घेतलेल्या कोंबडीची ताकद तिच्या अंड्यात उतरते, मग आतल्या पिल्लाला रोग धरत नाही, आणि तसलं अंडं प्रयोगाला कुचकामी. सरूबाईने ही अट तीन वर्षं पाळली होती. आजूबाजूच्या सगळ्यांनी टोचून घेतलं तरी हिच्या कोंबड्या तशाच.

सरूबाई आली की आधी बाकावर बैठक मारायची आणि मग विचारायची, "काय गं ताई, जेवलीस का?" औरंगाबाद शहरात अंबिकाबाईंना हा प्रश्न विचारणारं दुसरं माणूस नव्हतं. बाई चहा करायच्या. सरूबाई बशीत ओतून प्यायची आणि सांगत सुटायची: कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कोणती कोंबडी खुडूक बसली, कोणत्या सुनेने सासूचं तोंड कसं बंद केलं. बाई ऐकायच्या. आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही याची त्यांना थोडी लाज वाटायची. अर्ध्या पाऊण तासाने सरूबाई रिकामी टोपली काखोटीला मारून निघायची आणि बाई पुढच्या मंगळवारची वाट बघायला लागायच्या. हे त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नसतं, पण खरं ते खरं.

डिसेंबरात साठ अंडी दहा दिवसांची झाली. टोचायच्या दिवशी सर सकाळीच मीटिंगला गेले. जाताना त्यांनी दोन बाटल्या टेबलावर काढून ठेवल्या, एक तेलाची, एक मिठाच्या पाण्याची. "अंबिकाबाई, पहिली तीस तेल, नंतरची तीस मीठ. तुम्हाला काय सांगायचं म्हणा."

बाईंनी साठही अंड्यांना रोग टोचला. पहिल्या तिसांना तेल दिलं. मग एकतिसावं अंडं हातात घेतलं आणि सवयीने दिव्यावर धरलं. आतला ठिपका लुकलुकत होता. त्यांनी मिठाच्या पाण्याची बाटली उचलली आणि त्यांना अठ्ठावन्न सालचा दवाखाना आठवला. मधुसूदनरावांना विषमज्वर झाला होता. औषध थोडं आलं होतं आणि रोगी फार. चौघांना मिळालं, ते चौघं चालत घरी गेले. मधुसूदनरावांच्या हाताला नुसती मिठाच्या पाण्याची बाटली लावली होती. बाई तीन दिवस त्या बाटलीतले थेंब मोजत बसल्या होत्या. त्यांना वाटत होतं, हेच औषध.

तेवीस वर्षांत असल्या अंड्यांना त्यांनी शेकडो वेळा मिठाचं पाणी दिलं असेल, कधी हात अडला नाही. त्या दिवशी अडला. माणसाचं असंच असतं, पाण्याखालचा खडक कोणत्या दिवशी पायाला लागेल सांगता येत नाही. बाईंनी मिठाची बाटली खाली ठेवली आणि तेलाची घेतली. एकतिसाव्याला दिलं. मग बत्तिसाव्याला न देऊन कसं चालेल? साठाव्या अंड्यावर मेण लावलं तेव्हा त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की घरी जाऊन त्यांनी स्वतःसाठी शिरा केला. तेलाचा वास येऊन चोरी पकडली जाण्याचीही भीती नव्हती. तो वास त्या खोलीच्या भिंतींत इतका मुरला होता, की कुणालाच तो वेगळा कळत नसे.

पाचव्या दिवशी हिशेब झाला. तेलाच्या तिसांतली अठ्ठावीस जिवंत. बिनऔषधाच्या तिसांतली एकोणतीस जिवंत.

सर वहीकडे बघत राहिले. मग खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "रोग धरलाच नाही. सरूबाईने टोचलंय, दुसरं काय! आईची लस अंड्यात उतरली. तीन वर्षं विश्वास ठेवला मी त्या बाईवर."

सरांचा तो उतरलेला चेहरा बघून 'हे माझं काम' म्हणायला जे धैर्य लागतं, ते त्यांच्याकडे नव्हतं. करायला गेल्या दया आणि घात केला दोघांचा. सरांनी सांगितलं, "तिला कार्ड टाका. अंडी नकोत म्हणावं, कायमची." बाईंनी कार्ड लिहिलं. ते पर्समध्ये ठेवलं. ते पर्समध्येच राहिलं.

मंगळवारी सरूबाई आली. सर वर्गावर होते. "जेवलीस का गं ताई?" म्हणत ती बाकावर बसली, आणि बाईंनी स्टोव्ह पेटवला.

"ताई, एक इचारायचं व्हतं," बशी फुंकत सरूबाई म्हणाली. "गावात लसवाले आलेत. फुकट टोचून देत्यात. तिकडं गेवराईच्या अंगाला मानमोडी सुरू झालीय म्हन्त्यात. टोचू का?"

आता इथं बाईंनी काय म्हणायचं होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. पण 'टोच' म्हटलं की 'का' आलं, 'का' आलं की प्रयोग संपला, अंडी संपली आणि मंगळवार संपला. बाई म्हणाल्या, "नको. अजून प्रयोग चालू आहे."

"व्हय का? मंग ऱ्हाऊ द्या," सरूबाई म्हणाली.

बाईंनी पदरच्या पैशाने ती अंडी घेतली. देशस्थ विधवा आणि दोन डझन अंडी! घरी न्यावीत तर यमुनाबाई खोली रिकामी करायला लावतील, फेकावीत तर जीव धजेना. शेवटी त्यांनी ती कॉलेजात झाडलोट करणाऱ्या दगडाबाईला दिली. दगडाबाईने कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि कारण विचारलं नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी तसंच, आणि त्याच्याही पुढच्या. तिन्ही वेळा सरूबाईने लसीचं विचारलं. तिन्ही वेळा बाईंनी 'नको' म्हटलं. तिसऱ्या वेळी सरूबाई जराशी घुटमळली. "शेजारच्या भागूबाईच्या चार मेल्या गं. पर तू म्हन्तीस तर नाय टोचत. शबुद दिलाय सरांना." ती गेल्यावर बाई कितीतरी वेळ तिची बशी धूत उभ्या होत्या.

चौथ्या मंगळवारी ती आली नाही.

बुधवारी सर हातात वर्तमानपत्र घेऊन आले. "पाचोडकडे मानमोडीने धुमाकूळ घातलाय. अर्थात सरूबाईला काय भीती? तिच्या टोचलेल्याच आहेत."

"टोचलेल्या नाहीत," अंबिकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "सर, तिने नाही टोचलं. मी तीसही बिनऔषधाच्या अंड्यांना तेल दिलं. आणि तुमचं कार्ड मी टाकलंच नाही. तिने लसीचं तीनदा विचारलं, मी नको म्हटलं."

सर ओरडतील असं त्यांना वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही उघडून हिशेबाचं पान पुन्हा काढलं.

"म्हणजे साठांनाही तेल," ते हळूच म्हणाले. "आणि सत्तावन्न जगली." त्यांचे डोळे क्षणभर चमकले आणि विझले. "पण रोगाची बाटली बर्फात घालून रेल्वेने आली होती. विषाणू वाटेतच मेला नसेल कशावरून? तेल चाललं की रोगच मेलेला होता, कसं सांगायचं आता? ती तीस मरायला ठेवली होती ती एवढ्याचसाठी, बाई. ती बाटली संपली. मार्चच्या आत दुसरी येत नाही."

"तुम्ही माझी तक्रार करा, सर."

"तक्रारीचं बघू. आधी पाचोडला जा. अजून एखादी धडधाकट असेल तर टोचून घे म्हणावं. आत्ता जा."

बाई बसस्टँडवर अक्षरशः धावत गेल्या. आडूळपर्यंत एसटीत उभ्याच होत्या, पुढे जागा मिळाली तरी त्यांना बसवेना. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. बाईंच्या मनात एकच घोकणं: निम्म्या तरी असू देत, दहा तरी असू देत. सरूबाईचं घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तीन वर्षांत तिने पाच-सहा वेळा बोलावलं असेल. यांनी दर वेळी 'येईन की' म्हटलं होतं.

घर विचारत जावं लागलं. कोंबड्यांच्या आवाजावरून सापडेल असं त्या समजत होत्या, पण अंगणात आवाज नव्हता. परसात नुकता बुजवलेला खड्डा होता, वर काटेरी फांद्या टाकलेल्या. सरूबाई ओट्यावर तूर पाखडत होती. बाईंना बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"आगं बया, ताई! तू आलीस?" तिच्या चेहऱ्यावर खराच आनंद दिसला. "बस, बस. जेवलीस का?"

"सरूबाई, कोंबड्या?"

"गेल्या. आयतवारपासून लागल्या मरायला, काल शेवटची गेली. दोन दिस नुसता खड्डाच खंदतोय." तिने पदराने तोंड पुसलं. "लई जीव लावला व्हता गं. पर सरांना सांग, सरूबाईनं शबुद मोडला नाय. येकीला बी सुई लागू दिली नाय." मग ती जरा पुढे झुकली. "तुमच्या औशिदाचं काय झालं? लागू पडतं का? पडत आसंल तर गावाला तरी व्हईल. माझ्या गेल्या त्या गेल्या."

बाईंना वाटलं, खोटं बोलावं. लागू पडतं म्हणावं, तेवढंच तिचं समाधान. पण खोट्यानेच इथवर आणलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. तीस अंडी, मिठाचं पाणी, सरांचा संशय, पर्समधलं कार्ड. कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलंही. सरूबाईला वाचता येत नव्हतं. तिने ते हातात घेऊन उलटसुलट केलं.

"म्हंजी औशिद लागू पडतं का नाय?"

"माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही."

"अन् ही तीन येळची अंडी? ती कुटं गेली?"

"दगडाबाईला दिली. आमच्याकडे झाडलोट करते ती."

"म्हंजी तुला अंडी लागतच नव्हती."

"नाही."

"मंग कशापायी घेत व्हतीस?"

अंबिकाबाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. "तू यावीस म्हणून," त्या म्हणाल्या. "अंडी नकोत म्हटलं असतं, तर तू आली नसतीस."

सरूबाईने कार्डावरून नजर उचलून त्यांच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बाईंनी ते सोसलं असतं.

"माझी थोरली लेक तिकडं उस्मानपुऱ्याच्या पल्याड दिलीय," ती म्हणाली. "दर मंगळवारी मी तिच्याचकडं येत व्हते, नातवाला बघाया. अंडी वाटेवर म्हनून आनायची. तू कधी इचारलंच नाय गं, सरूबाई, हितून कुटं जातीस." तिचा आवाज चिरकला. "म्हनायचं की, अंडी नगं, नुसती येत जा. मी आले नसते व्हय?"

खोलीतली तेवीस वर्षं, ते मोठ्याने म्हटलेलं 'पाणी तापलं वाटतं', सगळं बाईंच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. एवढं सोपं होतं ते. कुणीही म्हणू शकलं असतं.

"आता येशील?" त्यांनी विचारलं. विचारायला नको होतं हे विचारता विचारताच त्यांना कळलं.

सरूबाईने कार्ड त्यांच्या हातात परत दिलं आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं. तुरीतले खडे ती वेचायला लागली. वर न बघता ती म्हणाली, "साडेपाचची येष्टी हाय. निघा आता तुमी."